कारखाना बंद पडल्यावर कामाचा शोध

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई गेल्या महिन्यात माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "या वेळी पाककृती नको, भरतकाम नको, तुमची नोकरी गेली त्यानंतरची हकिगत सांगा." मी भाषणे करणारी बाई नव्हे. सतरा वर्षे तयार कपड्यांच्या कारखान्यात सँपल शिवण्याचे काम केले. तेथे तोंडापेक्षा हातालाच सवय अधिक. पण अलीकडे आपल्यापैकी दोघीतिघींच्या घरी तसाच प्रसंग आला, आणि त्या विचारायला आल्या तेव्हा ध्यानात आले की, कांद्याचा आजचा भाव आपल्याला तोंडपाठ असतो, परंतु आपल्याच नोकरीचे कागद कोठे आहेत आणि त्यांवर काय लिहिले आहे, हे पुष्कळजणींना ठाऊक नसते. म्हणून बोलायचे कबूल केले.

२४ मार्च २०२० च्या मध्यरात्री टाळेबंदी लागली हे कोणाला आठवत नाही? आमच्या अंधेरीकडच्या कारखान्यात मात्र तिची चाहूल पंधरा दिवस आधीच लागली होती. आम्ही बायकांचे ब्लाउज शिवत असू, ते युरोपातल्या दुकानांसाठी. माल कापून झालेला, काजे-बटणे तेवढी राहिलेली, आणि तिकडून निरोप आला की, माल पाठवू नका. तिकडची दुकानेच बंद होत होती. आमच्या कटिंग मास्तरांनी कात्री टेबलावर ठेवली आणि ते बाहेर चहाला गेले. दुपारी कात्री ठेवून बाहेर जाताना मी त्यांना सतरा वर्षांत पाहिले नव्हते. पुढे त्या वर्षी एप्रिल ते जून या तीन महिन्यांत साऱ्या देशाचे उत्पन्न आदल्या वर्षापेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी घटले. हा आकडा मला मागाहून कळला. त्या वेळी कळत होते ते एवढेच की, घराचा हप्ता ९,२०० रुपये आहे, आमच्या ह्यांच्या प्रवासी कंपनीने पगार अर्धा केला आहे, आणि मुलगी अकरावीत जायची आहे.

जून महिन्यात कारखान्यातून फोन आला की, येऊन हिशेब घेऊन जा. लोकल गाड्या आपल्यासाठी बंद होत्या; आम्ही चौघींनी मिळून एक गाडी ठरवून गेलो. तेथे प्रत्येकीपुढे एक छापील कागद ठेवला. त्यावर लिहिले होते की, मी घरगुती कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे. खाली सहीची जागा. सही करा आणि चेक घ्या, असा मामला.

भगिनींनो, या एका कागदाबद्दल मी जरा विस्ताराने बोलणार आहे. कंटाळा करू नका. आमच्यात एक वयस्क बाई होत्या. त्यांचे वडील गिरणीत होते आणि युनियनची भाषा त्यांच्या कानावरून लहानपणापासून गेलेली. त्या म्हणाल्या, "मी राजीनामा दिलेला नाही, तर मी तसे लिहून का देऊ? मला कमी केले आहे, तसे पत्र द्या." त्यांच्या मागे आम्हीही तेच म्हटले. वरकरणी ही शब्दांची ओढाताण वाटते, पण प्रश्न पैशांचा होता. त्या वेळी लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे, वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागे. स्वतः होऊन राजीनामा देणाऱ्याला ही भरपाई नाही. ग्रॅच्युइटी ती वेगळीच. ती पाच वर्षे भरलेल्याला राजीनामा दिला तरी मिळे. तिचा हिशेब मी तुम्हांला माझ्याच आकड्यांत सांगते. माझे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १०,४०० रुपये होते. त्याला २६ ने भागले की दिवसाचे ४०० रुपये. पंधरा दिवसांचे ६,०००. सतरा वर्षांचे १ लाख २ हजार. हे गणित मी मुलीकडून दोनदा तपासून घेतले आणि कागदावर मांडून बरोबर नेले. कागद समोर ठेवल्यावर बोलणे बरेच कमी होते, असा माझा अनुभव आहे. तरी पैसे एकदम मिळाले नाहीत. कामगार खात्याकडे अर्ज करावा लागला, आणि दिवाळीपर्यंत दोन हप्त्यांत ग्रॅच्युइटी हाती आली. भरपाईचा भाग त्यानंतरच्या मार्चमध्ये. पण पत्रावर "कमी केले" हे दोन शब्द नसते तर तो भाग आलाच नसता. त्यानंतर कायदे बदलले आहेत. तेव्हा आज कोणावर ही वेळ आली तर आजचा नियम काय तो विचारून घ्यावा, आणि विचारून होईपर्यंत सही करू नये.

त्याच दोन शब्दांचा आणखी एक उपयोग झाला. ज्यांच्या पगारातून राज्य विम्याचे, म्हणजे ईएसआयचे पैसे कापले जात, त्यांच्यासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना नावाची एक सोय २०१८ पासून होती. काम गेलेल्या विमेदाराला सरासरी रोजच्या पगाराच्या चौथा हिस्सा, जास्तीत जास्त ९० दिवस, असा तिचा नियम होता. मार्च २०२० पासून तो वाढवून निम्मा केला. आपण होऊन नोकरी सोडणाऱ्याला ती लागू नव्हती. माझा रोज ४५० धरला जाई; त्याचे निम्मे २२५, नव्वद दिवसांचे २०,२५० रुपये. आमच्या खात्यातल्या चौदा बायकांपैकी या योजनेचे नाव फक्त दोघींनी ऐकले होते. ईएसआयचे कार्ड म्हणजे तापाच्या गोळ्या मिळण्याचे कार्ड, एवढेच आम्ही समजत होतो.

फंडाची गोष्ट थोडक्यात सांगते. त्या वर्षी फंडातून तीन महिन्यांचा पगार किंवा शिलकीचे पाऊण, यांतले जे कमी ते उचलण्याची मुभा होती. मला अडचण आली ती निराळीच. शाळेच्या दाखल्यावर माझे माहेरचे नाव. लग्नात सासूबाईंनी ताटातल्या तांदळांत नवे नाव लिहिले, ते आधारवर आले. आणि कारखान्याच्या वहीत कोणा कारकुनाने त्या नव्या नावातले एक अक्षर गाळलेले. संगणकाच्या लेखी आम्ही तीन निरनिराळ्या बायका झालो! हे दुरुस्त व्हायला अडीच महिने गेले. लग्नात नाव बदलण्याची हौस कोणाची किती असावी यावर मी बोलत नाही, पण तिन्ही कागदांवर एकच नाव आहे की नाही, हे नोकरी चालू असतानाच पाहावे. मालक बंद पडल्यावर सहीला माणूस सापडत नाही. सगळा फंड मोडू नये असेही मला वाटते. दहा वर्षे भरलेलीला उतारवयात पेन्शन असते. ती लहान असली तरी आपल्या नावाची असते.

घराच्या हप्त्यांना रिझर्व्ह बँकेने आधी तीन आणि मग आणखी तीन महिन्यांची सवलत दिली, ती ऑगस्ट २०२० अखेरपर्यंत. आमच्या इमारतीत पुष्कळांना वाटले की सहा हप्ते माफच झाले. ते माफ नव्हते, पुढे ढकलले होते, आणि व्याज चालूच होते. आमचे हे पेन्सिल घेऊन बसले आणि तीनच महिने सवलत घ्यायची असे आम्ही ठरविले.

आता कामाच्या शोधाकडे येते. पहिले चार महिने मास्कने जगविले. घरी पायमशीन होते, सुती कापडाची कापणी मला नवी नव्हती; नगाला तीन-चार रुपये मजुरी सुटे. पण ते काम टिकणारे नाही हे दिसत होते. मोठे कारखाने त्यात उतरले आणि ऑक्टोबरपर्यंत आमच्या मजुरीला कोणी विचारीना.

त्याच ऑक्टोबरच्या २१ तारखेपासून बायकांना लोकलने जायला परवानगी मिळाली. पण कोणत्या वेळी? सकाळी अकरा ते तीन आणि रात्री सातनंतर. अकरानंतर गाडीत चढणाऱ्या बाईला नऊची पाळी कोण देणार? मी अंधेरी, गोरेगाव दोन्हीकडे चार खेपा केल्या. निम्म्या कारखान्यांना कुलूप, उरलेल्यांत निम्मी माणसे. भिवंडीच्या गोदामात पार्सले बांधण्याचे काम पंधरा दिवस केले. बारा तास उभे राहून पाय सुजले. डॉक्टरीणबाईंनी ते बंद करायला लावले. मधल्या काळात मोबाइलवर "घरबसल्या पेन्सिली भरा, महिना तीस हजार मिळवा" असे निरोप रोज येत. आधी नोंदणीचे पैसे भरा, असे शेवटच्या ओळीत असे. जो काम देतो तो आपल्याकडे पैसे मागत नाही. शासनाच्या महास्वयमवरची नोंदणी फुकट होती. मुलीने ती करून दिली. मला तेथून काम मिळाले नाही, पण खर्चही झाला नाही.

त्या दिवसांत मला सासूबाईंची फार आठवण होई. त्या लालबागला खानावळ चालवीत. गावाकडून आलेले गिरणीकामगार जेवायला असत, आणि महिन्याच्या पगाराला खाडे वजा करून पैसे देत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. गिरणीतल्यांचे पगार बंद झाले हे सर्व सांगतात, पण खानावळवाल्या बाईचे काय झाले हे फारसे कोणी सांगत नाही. तिचे गिऱ्हाईक आणि संपकरी एकच. कोणी गावी गेले, कोणी उधारीवर जेवले. सासूबाईंकडे वाण्याची बाकी चढली. खानावळवाल्या बायकांना सावकारापासून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले होते, त्यातून बँकेचे कर्ज मिळे. पण कर्ज काढून जेवू घालायचे ते कोणाला, हा प्रश्न होता. सासूबाईंनी काय केले? त्यांनी परळच्या रुग्णालयांतल्या आणि दादरच्या कचेऱ्यांतल्या माणसांना पोळी-भाजीचे डबे सुरू केले. त्या म्हणत, "ज्याचा पगार चालू आहे, त्याच्या दारात जायचं. ज्याचा बंद आहे, त्याच्या दारात फक्त रडायला जायचं." बाई तिखट होत्या, पण व्यवहार त्यांना कळे.

मी एका रात्री वहीत लिहून काढले: आज कोणाचा पगार चालू आहे? शाळा बंद, म्हणून गणवेश नाहीत. लग्ने पन्नास माणसांत, म्हणून ब्लाउजची शिलाई नाही. कचेऱ्या घरातून चाललेल्या, म्हणून ड्रेस नाहीत. चालू होती ती नगरपालिका, बँका, औषधांची दुकाने आणि रुग्णालये. रुग्णालयात शिवायचे काय असते? चादरी, परदे, शस्त्रक्रियेचे झगे. एवढे झाल्यावर दिशा सापडली. पण दार कोण उघडणार?

येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. नोकरी गेली हे मी कोणापासून लपविले नव्हते. आमच्या जिन्यात एक गृहस्थ सहा महिने रोज सकाळी डबा घेऊन खाली उतरत आणि बागेत बसून परत येत. त्यांच्या घरी कामाची खबर कोण नेणार? पुरुषांना हे सांगणे अधिक जड जाते, असे दिसते. मी मात्र भाजीवालीपासून मंडळाच्या खजिनदारांपर्यंत सर्वांना सांगितले होते. म्हणूनच आपल्या एका सभासद भगिनीला आठवले की, तिची नणंद एका रुग्णालयात मेट्रन आहे.

मेट्रनबाईंना भेटायला जाताना मी "काही काम आहे का हो?" असे विचारायला गेले नाही. पूर्वीच्या धंद्यात सँपलच शिवत असे, तेच केले. हिरव्या केसमेंटचा एक झगा शिवून नेला. शिवणी आत दुमडून दुहेरी घातल्या, कारण हे कपडे उकळत्या पाण्यातून शेकडो वेळा निघतात आणि साधी शिवण दोन महिन्यांत उसवते. मेट्रनबाईंनी तो उलटा करून पाहिला, बंद ओढून पाहिले आणि दर विचारला. मी शिलाईचे ३८ रुपये सांगितले आणि दोन अटी घातल्या: कापड त्यांनी द्यावे, आणि पैसे आठवड्याला मिळावेत. पंचेचाळीस दिवसांच्या उधारीवर माझा दोराही आला नसता. त्या म्हणाल्या, "दोनशे नग पंधरा दिवसांत देता येतील?" मी हो म्हटले, आणि घरी येईपर्यंत मनात एकच विचार की, एका मशीनवर दोनशे कसे होणार!

आपल्या मंडळाच्या शिवणवर्गाची तीन यंत्रे मार्चपासून कुलपात होती. ती मागितली तेव्हा जी सभा झाली, ती येथे बसलेल्या काहींना आठवत असेल. अंगणात, तोंडाला फडकी बांधून, हातभर अंतरावर. यंत्रे देण्याला विरोधही झाला, आणि तो गैर होता असे मी म्हणणार नाही. यंत्रे देणगीची आहेत, मोडली तर भरून कोण देणार, आणि एकीला दिली तर दुसरीला नाही कसे म्हणणार, हे प्रश्न रास्त होते. शेवटी असे ठरले की, प्रत्येक यंत्रामागे २०० रुपये अनामत, तेल-सुया-पट्टा वापरणारीचा, वहीत सही, आणि वर्ग सुरू होताच परत. शिवाय यंत्र मला एकटीला द्यायचे नाही. काम गेलेल्या आणखी तिघी सभासदांना एकेक द्यायचे आणि मजुरी नगाप्रमाणे ज्याची त्याला. ही शेवटची अट मी घातली नव्हती. आपल्या तेव्हाच्या अध्यक्षाबाईंनी घातली. तिच्यामुळे चार घरी पैसे गेले.

दोनशे नग चौदाव्या दिवशी दिले. एप्रिल २०२१ मध्ये साथीची दुसरी लाट आली तेव्हा काम इतके वाढले की, रात्री अकरापर्यंत यंत्रे चालत आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा तक्रार करीत. ज्या दुखण्याने कारखाना घालविला त्याच दुखण्याने काम दिले, याचे वाईटही वाटे. त्या झग्यांतली माणसे कशातून जात होती, ते आम्ही शिवताना बोलत नसू.

पुढे ते काम कमी झाले. २०२२ मध्ये डोंबिवलीतच गणवेशाच्या एका लहान कारखान्यात मला सँपल शिवण्याची आणि तपासणीची नोकरी लागली. मेट्रनबाईंचे दोन ओळींचे पत्र तेथे उपयोगी पडले. पगार १२,०००, पूर्वी १३,५०० होता. पूर्वीच्या आकड्याला पोहोचायला २०२४ उजाडले, आणि मधल्या काळात डाळ-तेल कोठे गेले हे तुम्हांला सांगायला नको. फायदा म्हटला तर गाडीतले रोजचे अडीच तास वाचले. मुलगी त्या वर्षी म्हणत होती की, मी शिक्षण सोडते आणि फोनवर बोलण्याच्या नोकरीला लागते. तसे होऊ दिले नाही. आता ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे.

माझी ही हकिगत तशी बरी म्हणायची. अझीम प्रेमजी विद्यापीठाने २०२१ मध्ये एक अहवाल काढला. त्यात असे आढळले की, २०२० साली काम गेले आणि वर्षअखेरपर्यंत परत मिळालेच नाही, अशा पुरुषांचे प्रमाण ७ टक्के होते आणि बायकांचे ४७ टक्के. आमच्या खात्यातल्या चौदाजणींत हा हिशेब मी करून पाहिला. सहाजणी शिवणकामात आहेत, दोघी घरकामाला जातात, एकीने पोळीभाजी केंद्र काढले आहे. पाचजणी घरीच आहेत. त्यांतल्या तिघींना काम हवे आहे, पण इतक्या वर्षांनी घरचे म्हणतात, "आता कशाला?" त्यांच्यापैकी एक आपल्या पलीकडच्या गल्लीत राहते, आणि काज्याच्या कामात तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. आपल्या शिवणवर्गाला शिक्षिका हवी आहे असे कार्यकारिणीत बोलणे चालले आहे. तिचे नाव मी चिटणीसबाईंकडे दिले आहे.

यंत्रांची ती वही अजून मंडळाच्या कपाटात आहे, आणि अनामतही तितकीच आहे. सध्या दोन यंत्रे बाहेर गेली आहेत; एक मोकळे आहे.